बाळंतिणीचे एक अबोल दुखणे

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. लग्नसराई आली की छत्तीसगडच्या गावोगावची माणसे येथे खरेदीला येतात. दुकानात पाऊल टाकले की पांढऱ्या चादरी अंथरलेल्या गाद्या दिसतात. दुकानदार आधी "बसा" म्हणतो, आणि गिऱ्हाईक मांडी घालून बसले की मग साड्यांच्या घड्या एकामागून एक उलगडू लागतात. बसणे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तीही एक क्रिया आहे आणि तिच्यासाठी हाडे, सांधे व स्नायू यांना काही काम करावे लागते, ह्याचे भान आपणांस क्वचितच असते. मलाही ते नव्हते. २०१४ साली ह्याच पंडरीतील आमच्या घरी एक बारसे झाले, आणि त्या दिवसापासून ते मला आले.

भोसल्यांच्या राजवटीपासून रायपुरात मराठी घरे नांदत आली आहेत, आणि आमचे घर त्यांतलेच एक. त्यामुळे बारसेही रीतसर झाले. सासूबाई नागपूरहून बसने आल्या होत्या. बसस्थानक २०२१ मध्ये भाठागावला गेले, परंतु त्या वेळी ते पंडरीतच होते. पाट मांडला गेला, भोवती रांगोळी निघाली, पाळणा सजला आणि बाळंतिणीला पाटावर बसवून ओटी भरण्यात आली. पत्नी एका बाजूवर कलून बसली होती. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. "नीट बस ग, सरळ बस," असे कोणीतरी म्हणाले. ती सरळ बसली, आणि उठताना माझ्या आईच्या खांद्याचा आधार घेऊन अशा रीतीने उठली की तिच्या तोंडून निघालेला हुंकार मला ओटीच्या गोंगाटातही ऐकू आला. पण मी काही विचारले नाही.

रात्री तिने आपण होऊन सांगितले. बाळंत झाल्यापासून एक दिवसही तिला धड बसता आले नव्हते. पाठीचा कणा जेथे संपतो तेथे, अगदी टोकाला, सुरी खुपसल्यासारखी कळ येत होती. रुग्णालयात दुसऱ्याच दिवशी तिने हे सांगितले, तेव्हा "होतं असं, जाईल" हे उत्तर मिळाले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगितले, तेव्हा "आमच्या वेळी काय कमी दुखलं?" असा प्रश्न आला. मी स्वतः "कंबर धरली असेल" असे म्हणून झोपी गेलो. पुढे तीन महिने लोटल्यावर एका वैद्यकीय तज्ज्ञाने बोटाने एकच जागा दाबून पाहिली आणि दुखण्याचे नाव सांगितले. नाव कळताच पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. दुखणे तेवढ्याने कमी झाले नव्हते. परंतु ते खरे आहे, एवढे तरी मान्य झाले होते.

मी वैद्य नाही; एक सरकारी नोकर आहे. पुरुषाने ह्या विषयावर बोलावे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल. माझ्याही मनात तो आला होता. परंतु ज्या दुखण्याविषयी स्त्री संकोचाने बोलत नाही आणि पुरुष अज्ञानाने विचारत नाही, त्याच्याविषयी एखाद्याने तरी मोकळेपणाने बोलावे, असे मला वाटते. त्या दिवसानंतर मी जे वाचले, जाणकारांना विचारून समजून घेतले आणि घरात अनुभवले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक म्हणजे माकडहाड. माकडाला शेपूट असते, मनुष्याला नसते. परंतु जेथे ती असावी तेथे तिची खूण म्हणून हे हाड उरले आहे, अशा समजुतीने आपल्याकडे हे नाव रूढ झाले असावे. शास्त्रीय परिभाषेत त्याला अनुत्रिकास्थी म्हणतात, म्हणजे त्रिकास्थीच्या मागून येणारे हाड. ग्रीक वैद्यांना त्याचा आकार कोकिळेच्या चोचीसारखा भासला, आणि कोकिळेच्या ग्रीक नावावरूनच त्याचे पाश्चात्त्य नाव पडले. आपल्या सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही कटिभागातील हाडांची मोजदाद करताना गुदस्थानाच्या हाडाची वेगळी गणना केलेली आढळते. म्हणजे हे हाड लहान असले तरी प्राचीनांच्या नजरेतून ते सुटले नव्हते.

हे हाड तीन ते पाच, बहुधा चार, चिमुकल्या मणक्यांचे बनलेले असते. हे मणके खाली खाली लहान होत जातात आणि पुष्कळदा एकमेकांना जुळलेले असतात. आकाराने लहान असले तरी ते निरुपयोगी नाही. नितंबाच्या मोठ्या स्नायूचे काही तंतू त्याला चिकटलेले असतात. कटिराची जणू जमीनच असलेला स्नायूंचा जो पडदा गर्भाशय, मूत्राशय व आतडे यांना खालून तोलून धरतो, त्याचेही एक टोक येथेच बांधलेले असते. तंबूचे अनेक दोर एकाच खुंटीला बांधावेत, तसा हा प्रकार आहे. खुंटी हलली की सगळेच दोर ताणले जातात. माकडहाड दुखावले की बसण्याबरोबरच उठणे, शौचाला जाणे आणि कधी कधी कूस बदलणेही का दुखते, ह्याचे उत्तर ह्या रचनेत आहे.

आपण बसतो तेव्हा शरीराचा भार मुख्यतः नितंबांखालील बैठकीच्या दोन हाडांवर असतो; माकडहाड हे मागचे तिसरे टेकण. सरळ किंवा किंचित पुढे झुकून बसले तर त्याच्यावर फारसा भार येत नाही. पण आपण मागे रेललो, किंवा कंबर मोडून पोक काढून बसलो, की भार मागे सरकतो आणि ह्या तिसऱ्या टेकणावर पडतो. जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बसणाऱ्याची कंबर हळूहळू मागे मोडते, हे आपण पाहतोच. बाळाला मांडीवर घेऊन, त्याच्यावर वाकून, दिवसातून आठ-दहा वेळा पाजणाऱ्या मातेचे काय होत असेल, ह्याची कल्पना आता करता येईल.

पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे दुखणे सुमारे पाचपट अधिक आढळते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. स्त्रीचे कटिर रुंद असते आणि तिचे माकडहाड आघाताला अधिक उघडे असते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अर्थातच प्रसूती. गर्भारपणात शरीर प्रसूतीची तयारी करू लागते. रिलॅक्सिन आदी अंतःस्रावांमुळे कटिराचे सांधे बांधून ठेवणारे बंध सैल होतात. पोटाचा भार पुढे येतो, कण्याची कमान बदलते, वजन वाढते. म्हणूनच काही स्त्रियांना सातव्या-आठव्या महिन्यापासूनच माकडहाडाशी दुखू लागते.

मग प्रत्यक्ष प्रसूतीचा क्षण येतो. बाळाचे डोके बाहेर पडण्याच्या वाटेत माकडहाड हा जणू मागच्या बाजूचा उंबरठा आहे. निसर्गाने ह्या उंबरठ्याला बिजागरी ठेवली आहे. डोके खाली उतरताना माकडहाड मागे झुकते आणि वाट दोन सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक रुंद होते. बहुतेक स्त्रियांत ते नंतर आपोआप पूर्वस्थितीवर येते. पण बाळाचे डोके मोठे असेल, ते तोंड वर करून उतरत असेल, कळा देण्याचा काळ फार लांबला असेल, किंवा चिमटा लावून प्रसूती करावी लागली असेल, तर बंध गरजेपेक्षा अधिक ताणले जातात. कधी सांधा निखळतो, क्वचित हाड मोडते. पॅरिसमधील डॉक्टर ज्याँ-ईव्ह मेन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतर माकडहाड दुखणाऱ्या सत्तावन स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे निम्म्या स्त्रियांच्या प्रसूतीत उपकरणाची मदत घ्यावी लागली होती. सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही हे दुखणे होऊ शकते. कारण सांधे सैल करणारे नऊ महिने तिनेही काढलेले असतात.

ह्या दुखण्याला वैद्यकीय नाव मिळाले ते १८५९ साली. एडिंबरो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी ते दिले. बाळंतपणाच्या कळा सुसह्य करण्यासाठी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर करणारे सिम्प्सन ते हेच. स्त्रियांच्या वेदना निमूटपणे सोसण्यासाठीच असतात, हे त्या काळचे मत त्यांना मान्य नव्हते. तथापि नाव मिळाले म्हणून न्याय मिळालाच असे नाही. पुढील काळात काही डॉक्टरांनी सरसकट माकडहाड काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांना यश येईना तेव्हा हे दुखणे स्त्रियांच्या मनाचे खेळ आहेत, असा शेरा मारला. ते पुष्कळदा मनाचे नसून सांध्याचे असते, हे दाखवण्यास क्ष-किरणांची एक साधी युक्ती उपयोगी पडली. मेन्य ह्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस रोग्याची दोन चित्रे घेण्याची पद्धत रूढ केली: एक उभे असताना, दुसरे दुखते त्या स्थितीत बसलेले असताना. निजवून काढलेल्या चित्रात जे हाड जागच्या जागी दिसे, ते बसताच सरकलेले दिसू लागले. बसल्यावर जे दुखते ते निजवून शोधले, तर सापडणार कसे?

आता ओळखावे कसे, ते पाहू. दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते. ती नितंबांच्या खाचेच्या वरच्या भागात, कण्याच्या टोकाला असते. बसले की, विशेषतः टणक जागी किंवा मागे रेलून बसले की, ती दुखते. बसलेल्या स्थितीतून उठताना कळ एकदम तीव्र होते. उभे राहिल्यावर, चालल्यावर किंवा कुशीवर निजल्यावर आराम पडतो. शौचाच्या वेळी दुखू शकते. प्रसूतीनंतर पहिल्यांदा उठून बसतानाच ही वेदना जाणवल्याचे अनेक स्त्रिया सांगतात. कंबरदुखी ह्याच्या वरच्या भागात असते व पसरट असते. मूळव्याधीची किंवा टाक्यांची वेदना ह्याच्या खाली असते. ह्या तिन्ही गोष्टी एकाच बाळंतिणीला एकाच वेळी असू शकतात, आणि त्यामुळेच "सगळंच दुखतंय" एवढ्या एका वाक्यात माकडहाड हरवून जाते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसताच घरगुती उपाय बाजूला ठेवून त्वरित डॉक्टर गाठावा. ताप येणे, माकडहाडाशी लाल, गरम सूज किंवा पू होणे, मांड्यांच्या आतला व बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पायांतली शक्ती कमी होणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, रक्तस्राव वाढणे. ही माकडहाडाच्या साध्या दुखण्याची लक्षणे नव्हेत. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तर त्यांना मुळीच सबब सांगू नये.

इतर वेळी मात्र धीर धरण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेवाचूनच्या उपायांनी दहांपैकी सुमारे नऊ जणांना बरे वाटते. काहींना काही आठवडे लागतात, काहींना काही महिने. ह्या हाडाला प्लास्टर घालता येत नाही. त्याला विसावा द्यायचा, तर त्याच्यावरचा भार काढून घेणे हाच मार्ग आहे.

ह्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे बैठक. मधोमध भोक असलेली, चाकासारखी रबरी उशी दुकानात मिळते. परंतु ती भोवतालचा भाग दाबते, आणि पुष्कळ जणींना तिचा उपयोग होत नाही. त्याहून बरी ती मागच्या बाजूस खाच असलेली उशी. आमच्या घरी ती अशी तयार झाली: गादीवाल्याकडून तीन-चार इंच जाडीचा टणक फोम आणला. खुर्चीच्या बैठकीइतका चौकोन कापला. त्याच्या मागच्या कडेच्या मध्यभागी चार-पाच बोटे रुंद आणि सुमारे अर्धी वीत खोल अशी खाच काढली. पंडरीच्याच बाजारातून जाड सुती कापड आणून त्याची खोळ शिवली. खाच मागे ठेवून बसले की भार बैठकीच्या दोन हाडांवर व मांड्यांवर येतो, आणि माकडहाड खाचेत मोकळे राहते. फोम फार मऊ असू नये. तो दबला तर हाड खाली टेकते आणि सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

दुसरी गोष्ट उठण्या-बसण्याची रीत. पाट, जमीन, खोल सोफा आणि मधोमध खोलगट झालेली खाट ही चारही आसने काही दिवस वर्ज्य समजावीत. ताठ पाठीची, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची घ्यावी. बसताना नितंब मागे टेकवून कंबरेत किंचित पुढे झुकावे. उठताना आधी खुर्चीच्या कडेशी सरकावे, पावले जवळ ओढावीत, धड पुढे न्यावे, आणि मग पायांच्या जोरावर उभे राहावे. अर्ध्या तासाहून अधिक एका जागी बसू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीवर किंवा रिक्षात प्रवास करणे पुढे ढकलता आले तर उत्तम. नाहीतर उशी बरोबर न्यावी. पत्नी ती उशी कापडी पिशवीत घालून सगळीकडे नेत असे. सुरुवातीला तिला त्याचा संकोच वाटे, पुढे तो गेला.

तिसरी गोष्ट स्तनपानाची. ते बसूनच केले पाहिजे असे नाही. एका कुशीवर निजून, डोक्याखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, बाळाला पोटाशी घेऊन पाजता येते. पहिल्या दोन-चार वेळा कोणीतरी जवळ राहून जमवून द्यावे. मात्र आईला झोप येत असेल, तर पाजून होताच बाळाला त्याच्या स्वतंत्र जागी उताणे निजवावे. दमलेल्या आईला ह्याची आठवण करून देण्याचे काम घरातल्यांचे आहे.

चौथी गोष्ट पोट साफ राहण्याची, आणि येथे आपल्या काही रीती आड येतात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, भाजीपाला वर्ज्य करायचा, आणि डिंक, मेथी व तुपाचे लाडू मात्र भरपूर द्यायचे, असा प्रघात अनेक घरांत आहे. लाडूंना माझा विरोध नाही. पण पाणी आणि तंतुमय अन्न नसेल तर मलावरोध होतो. लोहाच्या गोळ्या त्यात भर घालतात. जोर करावा लागतो. जोर केला की माकडहाडाशी बांधलेले स्नायू ताणले जातात. दुखते म्हणून स्त्री शौच टाळते, आणि मलावरोध वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे. छत्तीसगडमध्ये भाज्यांना तोटा नाही. लाल भाजी, चौलाई, भोपळा, पिकलेली पपई, मनुका, डाळी बाळंतिणीच्या ताटात अवश्य असाव्यात. येथे छठीच्या दिवशी बाळंतिणीला औषधी मुळ्यांचा काढा, कांके पानी, देण्याची चाल आहे. तो प्रेमाने दिला जातो, पण तो साध्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. मल सैल करणारे सौम्य औषध त्यांच्याकडून मागून घ्यावे. कमोडवर बसणाऱ्या स्त्रीने पायांखाली लहानसे स्टूल घेऊन पुढे झुकावे.

शेकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोमट पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे शेकल्याने स्नायू सैल पडतात. काहींना बर्फाच्या शेकाने अधिक आराम वाटतो. ज्याने बरे वाटेल तो घ्यावा. परंतु बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची जुनी चाल मात्र सोडलीच पाहिजे. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो आई व बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो. मालिश करणाऱ्या बाईने पाय, पाठ, खांदे चोळावेत; पण माकडहाडावर जोर देऊ नये आणि "हाड बसवून देते" म्हणून तर त्याला हातच लावू नये.

व्यायामाच्या बाबतीत एक गैरसमज आढळतो. बाळंतपणानंतर कटिराचे स्नायू आवळण्याचा व्यायाम सर्वांना सांगितला जातो. तो चांगलाच आहे. पण माकडहाड दुखणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचे हे स्नायू वेदनेमुळे आधीच आवळलेले असतात. त्यांना आवळण्याआधी सैल सोडण्यास शिकावे लागते. कुशीवर किंवा गुडघे दुमडून उताणे निजावे, पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्यावा, आणि श्वास घेताना बैठकीचा भाग ढिला सोडावा. गुडघे हलकेच छातीकडे ओढण्याने आणि थोडे चालण्यानेही बरे वाटते. भौतिकोपचार तज्ज्ञ उपलब्ध असेल तर त्याच्या किंवा तिच्या देखरेखीखाली हे करणे श्रेयस्कर.

वेदनाशामक गोळ्या घेण्यास आई भिते. दुधातून बाळाला बाधेल, असे तिला वाटते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे स्तनपान चालू असताना नेहमीच्या मात्रेत साधारणतः चालतात. तथापि रक्तदाब, मूत्रपिंड किंवा जठराचा विकार असल्यास आयबुप्रोफेन वर्ज्य ठरू शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. सोसत राहण्यात कोणतेही पुण्य नाही. जी आई वेदनेने रात्रभर जागते, तिला बाळाचे करणेही जड जाते.

दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि बसलेल्या स्थितीतील क्ष-किरण चित्राविषयी विचारावे. सांध्याजवळ इंजेक्शन देणे, तेथील मज्जातंतूंच्या गाठीला बधिर करणे, असे पुढचे उपाय आहेत. शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा मार्ग असून फार थोड्यांना ती लागते. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी मात्र हा पूर्वेतिहास आधीच सांगून ठेवावा. उताणे निजले की माकडहाडाला मागे सरकण्यास वाव कमी राहतो. कुशीवर किंवा गुडघ्या-हातांवर असताना तो अधिक राहतो. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला तिला सोयीच्या स्थितीत राहू द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही म्हटले आहे.

श्रोतेहो, सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत नस्ती आणि रकाने दिसतात. पत्नीला रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला कागद मी पुढे एकदा काढून पाहिला. त्यात बाळाचे वजन होते, लसींच्या तारखा होत्या, आईचा रक्तदाब होता, टाके होते. "बाळंतिणीला बसता येते काय?" असा रकाना त्यात नव्हता. आणि ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट अस्तित्वातच नाही, असे कागद चालवणाऱ्यांना वाटू लागते. हे मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून सांगतो.

हा रकाना भरून काढणे अवघड नाही. छत्तीसगडमध्ये २००२ पासून मितानिन ही आरोग्यसेविकांची योजना चालू आहे. ह्या प्रदेशात मितान म्हणजे विधीपूर्वक जोडलेला मित्र, आणि मितानिन म्हणजे तशी मैत्रीण. वस्तीतलीच ही स्त्री बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची विचारपूस करते. महाराष्ट्रात व इतरत्र हेच काम आशा करतात. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत त्यांच्या अनेक भेटी ठरलेल्या असतात. बाळाचे वजन करता करता त्यांनी आईला "बसताना दुखतं का?" एवढे जरी विचारले, तरी किती तरी स्त्रियांचे महिने वाचतील. शासकीय सेवेतील स्त्रीला प्रसूतीची दीर्घ रजा मिळते, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याखाली येणाऱ्या इतर आस्थापनांतही सव्वीस आठवड्यांची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळते. परंतु जी स्त्री धानाच्या शेतात निंदणीला जाते, किंवा रस्त्याकडेला भाजी मांडून दिवसभर बसते, तिला कोण रजा देणार? तिच्यासाठी तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. तिचे पोट बसण्यावर चालते.

आमच्या घरी उतार पडायला सात महिने लागले. एके संध्याकाळी कचेरीतून येऊन पाहतो, तो पत्नी जमिनीवर बाळाला घेऊन बसली होती आणि उशी कोपऱ्यात पडली होती. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. पण ते बसणे आम्ही दोघांनीही पाहिले. ती उशी आम्ही टाकून दिली नाही. नात्यात, शेजारात कोणी बाळंतीण झाली की ती तिच्याकडे जाते, आणि काही महिन्यांनी परत येते. आतापर्यंत तिची खोळ तीनदा बदलली आहे.

आपल्या घरी बाळंतीण असेल, तर बारशाच्या दिवशी तिच्यासाठी पाटाऐवजी खुर्ची मांडा. ओटी खुर्चीतही भरता येते. आणि ओटी भरण्याआधी तिला एकच विचारा: "बसवतंय ना?" उत्तर ऐकण्यासाठी क्षणभर थांबा. ती पहिल्यांदा "हो" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. थोड्या वेळाने पुन्हा विचारा.